मासे वर येतायत पण फ्लाय घेत नाहीत: पापुद्र्यात अडकलेल्या मेफ्लायची एक केस

केस फ्लाय फिशिंगची, म्हणजे हूकवर पिसं आणि दोरे बांधून केलेल्या नकली किड्याने, फ्लायने, मासे धरण्याची. केस अशी. नदीतला पूल, म्हणजे डोह, संपत येतो तिथलं संथ पाणी, जेमतेम गुडघाभर खोल, वर एक सुरकुती नाही. आभाळ भरलेलं, मधूनच भुरभुर पाऊस, हवा गार. मेफ्लाय नावाच्या किड्यांचा हॅच सुरू झालाय, म्हणजे पाण्याखाली वाढलेले किडे एकदम पंख घेऊन वर निघालेत, बेटिस जातीच्या, ऑलिव्ह अंगाच्या, १८ नंबरच्या हूकवर बसतील एवढ्या छोट्या, राखाडी पंख उभे करून पाण्यावरून आरामात वाहत चालल्यात. ट्राउट एका लयीत वर येतायत. आणि सोबतचा मित्र, ज्याचा हात कास्टिंगमध्ये खरंच चांगला आहे, त्याला बराच वेळ झाला तरी एकही मासा लागलेला नाही.

त्याने जे केलं ते बहुतेक जण करतात. आधी १८ नंबरची, गळ्याशी दाट हॅकल (गोल गुंडाळलेलं पीस) असलेली ऑलिव्ह ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी. मासा आला, फ्लायच्या बरोबर खाली आला, तिच्यासोबत प्रवाहात थोडा मागे मागे सरकला आणि वळून गेला. मग २० नंबर, मग २२ (नंबर वाढला की हूक छोटा). मग रंग बदलून बघितला, जरा गडद, जरा पिवळट. मग टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक दोरा, ५ एक्सवरून ६ वर, ६ वरून ७ वर, म्हणजे ०.१५ मिलिमीटरवरून ०.१० पर्यंत. दर वेळी तेच, उलट जास्तच बिघडत गेलं कारण डोक्यावरून सारखी लाइन जातेय म्हटल्यावर एकदोन मासे खाली जाऊन बसले ते बसलेच.

आकार, रंग, टिपेटची जाडी, हे तीन प्रश्न आपण लगेच विचारतो कारण त्यांची उत्तरं बॉक्समध्ये तयार असतात. फ्लाय पाण्यात कशी बसलीये, किती वर, किती खाली, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि माझं तर ठाम मत आहे की संथ पाण्यावर तो पहिला यायला हवा. हॅचमधला कीटक कुठल्या अवस्थेत असताना खाल्ला जातोय हे कळलं नाही तर बाकी तिन्ही उत्तरं बरोबर असूनही काही होत नाही.

तर मी त्याला म्हटलं, "थांब जरा, रॉड खाली घे आणि आता एकच डन पकड, तिलाच बघत राहा, मासा बघू नकोस." (डन म्हणजे निम्फची, पाण्याखालच्या बिनपंखी अवस्थेची, कात टाकून नुकतीच पंख घेऊन बाहेर आलेली मेफ्लाय.) त्याने एक निवडली, ती वाहत वाहत माशाच्या जागेवरून गेली, तिला काही झालं नाही. पुढची, तिलाही काही नाही. आणि या दोघींच्या मधे, जिथे आम्हाला पाण्यावर काहीच दिसत नव्हतं तिथे मासा वर आला, गिळला आणि खाली गेला. हे दोनतीनदा डोळ्यांनी बघितलं की अर्धं निदान तिथेच होतं, कारण डोळ्यांना दिसणारी माशी आणि माशाच्या तोंडात जाणारी माशी या दोन वेगळ्या आहेत हे नक्की झालं.

मग उरलेलं निदान माशाच्या वर येण्याच्या पद्धतीवरून. नीट बघितलं तर तोंड बाहेर येतच नव्हतं. आधी पाणी फुगल्यासारखं वाटायचं, मग पाठ, पाठीवरचा पर, मग शेपटीचं टोक, सगळं शांत, आणि मागे बुडबुडा नाही. मासा पाण्याच्या वर उभी असलेली माशी घेतो तेव्हा तिच्यासोबत हवाही तोंडात जाते, ती कल्ल्यांतून बाहेर पडते म्हणून बऱ्याचदा एकदोन बुडबुडे तरंगत राहतात. बुडबुडा नसेल तर तो पृष्ठभागाच्या आत किंवा बोटभर खाली खातोय असं धरायचं. हा नियम शंभर टक्के चालतो असं नाही, खळाळत्या पाण्यात तर बुडबुड्यांवरून काहीच सांगता येत नाही, पण सपाट पाण्यावर भरवसा ठेवण्यासारखी खूण आहे.

तरी अंदाजावर थांबायचं नाही. बारीक जाळीचा एक तुकडा माझ्या वेस्टमध्ये कायम असतो, तो प्रवाहात पाण्याच्या अगदी वरच्या थरात, अर्धा आत अर्धा बाहेर असा धरून ठेवला. त्यात जे सापडलं ते बघून मित्र एकदम गप्प झाला. डन होत्याच, पण त्याहून जास्त होते ते निम्फ ज्यांची पाठ पंखांच्या कोषावर उभी चिरलेली होती आणि आतून चुरगळलेले पंख अर्धे बाहेर आले होते. काही पूर्ण बाहेर आल्या होत्या पण शेपटीकडे कात अजून चिकटलेली, तपकिरी, पारदर्शक, रिकामी. आणि काही एका बाजूला कलंडलेल्या, एक पंख पाण्याला चिकटलेला, त्या काही आता उडणार नव्हत्या.

इथे जरा थांबून कीटकाकडे बघू, कारण फ्लाय बांधायची ती याच्यावरून. बेटिसचा निम्फ तळाशी, दगडांवर, शेवाळात वाढतो. वेळ झाली की कातडीच्या आत वायू साठतो, त्याने तो हलका होतो, थोडा पोहत थोडा तरंगत वर येतो. वर आला की खरी अडचण सुरू होते. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, म्हणजे वर एक पापुद्रा ओढून बसवलाय असं समजा, आपल्याला तो जाणवत नाही पण सहासात मिलिमीटरच्या किड्याला तो भेदून वर यायचं म्हणजे मोठं काम आहे. तो पापुद्र्याला खालून टेकतो, पाठ वर काढतो, पाठ फाटते, त्या फटीतून डन स्वतःला बाहेर ओढून घेते आणि जुनी कात मागे सोडते. या सगळ्यात काही सेकंद जातात, कधी जास्त, आणि तेवढा वेळ ती ना पोहू शकते ना उडू शकते. माशाच्या बाजूने बघा, वर उभी असलेली डन कधीही उडून जाईल, पण ही अर्धी आत अर्धी बाहेर अडकलेली, जिला इमर्जर म्हणतात, ती कुठेही जाणार नाही. मासा ताकद वाया घालवत नाही, तो हिलाच घेणार.

थंडीत हे जास्त का होतं यावर बरेच जण पृष्ठताणाकडे बोट दाखवतात. पाणी गार झालं की ताण वाढतो हे खरंय, पण किती, तर २० अंशाला तो मीटरला साधारण ७२.८ मिलिन्यूटन असतो आणि १० अंशाला ७४ च्या थोडा वर, म्हणजे फरक किरकोळ. मला वाटतं मोठा भाग किड्याच्या स्वतःच्या सुस्तपणाचा आहे, गार हवेत त्याच्या हालचाली मंदावतात, पंख सुकून ताठ व्हायला वेळ लागतो. आणि पाणी सपाट असलं की पापुद्रा अखंड राहतो, खळाळावर तो सारखा फुटत असतो म्हणून तिथे बाहेर पडणं सोपं जातं. आमच्या केसमध्ये तिन्ही गोष्टी होत्या, सपाट पाणी, गार हवा, आणि छोटा किडा.

आता मासा खालून काय बघतो. हा भाग मला फार आवडतो आणि फ्लाय बांधणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी कागदावर काढून बघावा. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका शंकूत दाबलेलं दिसतं. म्हणजे डोक्यावर एक गोल खिडकी, आणि तिच्या बाहेर पृष्ठभाग हा आरसा, त्यात तळ दिसतो. खिडकीचा व्यास खोलीच्या साधारण सव्वादोन पट. मासा ३० सेंटीमीटरवर असेल तर खिडकी ६८ सेंटीमीटरची, आणि इमर्जर खाणारा मासा वर येऊन १० सेंटीमीटरवर तरंगत असतो तेव्हा ती फक्त २३ सेंटीमीटरची.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पाण्यावर पायांवर उभी असलेली डन आरशाच्या भागात असताना माशाला दिसतच नाही, फक्त तिच्या पायांनी पापुद्र्याला पाडलेले खळगे प्रकाशाचे ठिपके म्हणून दिसतात. पण पापुद्र्याखाली लटकलेलं पोट आणि कात आरशातही सरळ दिसतात, वर त्यांचं प्रतिबिंबही दिसतं, म्हणजे इमर्जर माशाला लांबूनच दिसायला लागतो. दाट हॅकलवाली फ्लाय टोकांवर उभी राहते आणि फक्त ठिपके पाडते. जो मासा लटकलेलं पोट शोधतोय त्याच्यासाठी ती फ्लाय म्हणजे नको असलेली अवस्था. दुसरी गोष्ट, एवढी छोटी खिडकी असलेला मासा बाजूला जाऊन खात नाही, फ्लाय वीतभराच्या पट्ट्यातून आली पाहिजे. कास्ट अर्धा मीटर चुकला तर त्याने नाकारलं असं म्हणण्यात अर्थ नाही, त्याने ती बघितलीच नाही.

उपाय नंबर एक, जागच्या जागी. मित्राच्या बॉक्समध्ये इमर्जर (या अवस्थेची नक्कल करणाऱ्या फ्लायलाही हेच नाव) नव्हते म्हणून त्याच १८ नंबरच्या हॅकलवाल्या फ्लायची खालची हॅकल कात्रीने अंगाच्या पातळीत सपाट कापली आणि शेपटीचे तंतू अर्धे केले. पोटाला थुंकी लावून ओलं केलं आणि फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारं जेल) फक्त वर उरलेल्या हॅकलवर, बोटाच्या टोकाने, जेमतेम. हे फ्लोटंटचं मी वारंवार सांगतो कारण चांगला बांधलेला इमर्जर लोक इथे मारून टाकतात, अख्खी फ्लाय जेलमध्ये बुडवतात, मग ती पोटासकट वर येऊन तरंगते आणि पुन्हा साधी ड्राय फ्लाय होते. पोट बुडालंच पाहिजे. कापलेली फ्लाय पाण्यात खाली बसली, मित्राला ती दिसेनाशी झाली, आणि जवळच्या माशाने ती दुसऱ्याच ड्रिफ्टला, म्हणजे दुसऱ्यांदा वाहत गेली तेव्हाच, घेतली. रंग तोच, आकार तोच, टिपेट जाड करून पुन्हा ६ एक्स लावलेला. बदलली होती ती फक्त बसण्याची पातळी.

उपाय नंबर दोन माझ्या बॉक्समधला सीडीसीचा इमर्जर, मागे कातीसाठी अँट्रॉन या चमकत्या कृत्रिम धाग्याचे चारपाच तंतू, त्यावर पुढचे मासे लागले. सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीच्या वर जी तेलाची ग्रंथी असते तिच्या आजूबाजूची मऊ पिसं. तेलामुळे तरंगतात असं सगळे म्हणतात, पण धुऊन रंगवलेली पिसंही मस्त तरंगतात, त्यामुळे खरं काम त्या बारीक गुंतागुंतीच्या तंतूंचं आहे, ते हवा धरून ठेवतात. म्हणूनच त्यांना जेल किंवा पेस्ट लावायची नाही, तंतू चिकटले की हवा गेली आणि हवा गेली की सगळंच गेलं. एक मासा लागला की चिकट बुळबुळीत थर बसतो, तो पाण्यात खळखळून धुवायचा, फ्लाय अमाडूमध्ये (झाडावरच्या बुरशीचा तो मऊ तपकिरी तुकडा, पाणी छान शोषतो) किंवा साध्या सुती कापडात दाबायची, मग कोरड्या पावडरच्या डबीत हलवायची, फुंकर मारून जास्तीची पावडर उडवायची, आणि पोट परत ओलं करायचं. प्रत्येक माशानंतर हे करायचं, कंटाळा आला तर सरळ दुसरी फ्लाय बांधायची.

मधे एका माशाने आम्हाला अडवलं. तो पाणवनस्पतींच्या दोन झुपक्यांच्या मधल्या वेगवान पट्टीत होता, आणि आम्ही उभे होतो तिथलं पाणी हळू. फ्लाय दिसायला बरोबर वाहत होती पण शेजारून जाणाऱ्या एका खऱ्या डनपेक्षा किंचित मागे पडत होती, डोळ्याला जेमतेम कळेल एवढीच. इमर्जरच्या बाबतीत हा बारीक ड्रॅग (लाइनच्या ओढीने फ्लायचं प्रवाहाहून वेगळं चालणं) जास्त भोवतो, अडकलेला किडा स्वतःहून हलत नाही, तो पाण्यासोबत जातो. तिथे खालून कास्ट करणं सोडून वरच्या बाजूला लांबून वळसा घालून गेलो, रीच कास्ट करून, म्हणजे लाइन हवेत असतानाच रॉड बाजूला नेऊन, ती वरच्या अंगाला टाकली, टिपेटला ढील दिली आणि फ्लाय आधी, लाइन नंतर अशी माशाकडे सोडली. टिपेटचा शेवटचा हातभर भाग मुलतानी मातीच्या ओल्या गोळ्याने पुसला म्हणजे तो पापुद्र्याखाली जातो आणि वर तरंगून चमकणारी रेघ ओढत नाही. मासा लागला. खालच्या बाजूला फ्लाय सोडताना एक पथ्य आहे, मासा वर आला की लगेच ओढायचं नाही, त्याला तोंड मिटून डोकं खाली नेऊ द्यायचं आणि मग रॉड फक्त उचलायचा, नाहीतर फ्लाय उघड्या तोंडातून निघून येते.

सगळेच मासे इमर्जरवर होते असंही नाही. वर जिथे खळाळ पूलमध्ये उतरत होता तिथला एक जण चक्क डन खात होता, तोंड बाहेर, बुडबुडा मागे, आणि त्याने मित्राची जुनी न कापलेली हॅकलवाली फ्लाय पहिल्या चांगल्या ड्रिफ्टला घेतली. म्हणजे एकाच हॅचमध्ये, एकाच पाण्यात, पंचवीस पावलांच्या अंतरावर दोन मासे दोन अवस्था खात होते. त्यामुळे "आज इमर्जर चालतोय" असं बोलण्यापेक्षा हा मासा काय खातोय एवढंच बोलावं.

ही गोष्ट नवी नाहीये हेही सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये इचन नदीवर जी. ई. एम. स्क्यूज हे सांगत होते की वर येणारे सगळे मासे वरची माशी खातातच असं नाही, आणि ड्राय फ्लायच्या कट्टर मंडळींशी त्यांचा वाद कित्येक वर्षं चालला. पुढे हान्स व्हान क्लिंकन या डच माणसाने १९८० च्या दशकात नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर ग्रेलिंग या माशासाठी क्लिंकहॅमर ही फ्लाय काढली, वाकडा हूक, पोट पाण्याखाली लटकतं, पॅराशूट हॅकल (आडवी गुंडाळलेली) वर धरून ठेवते. फ्रॅन बेटर्सच्या हेस्टॅक या फ्लायवरून कौची आणि नस्तासी यांची कम्पॅराडन आली, तिची शेपटी काढून मॅथ्यूज आणि ज्यूरासेक यांनी कात लावली आणि स्पार्कल डन झाली. बॉब क्विगलीची क्रिपल तर नावाप्रमाणे अडकून पडलेल्या किड्याचीच. प्रत्येकाने एकच प्रश्न सोडवलाय, कुठला भाग वर आणि कुठला खाली.

या केसनंतर मित्रासाठी जी बांधली ती सांगतो. हूक १८ नंबर, वाकडा, बारीक तारेचा, बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) दाबलेला. थ्रेड ऑलिव्ह, ७० डेनियर किंवा त्याहून बारीक, कारण छोट्या हूकवर थ्रेडनेच अंग जाड होतं. थ्रेड वाकापर्यंत न्यायचा, तिथे तपकिरी अँट्रॉनचे पाचसहा तंतू बांधायचे, लांबी अंगाच्या निम्म्याहून थोडी जास्त, आणि कात्रीने एका रेषेत कापायचे नाहीत, वरखाली राहू द्यायचे. खरी कात विरळ असते, जाड झुपका बांधला की तो पाण्यात दांडीसारखा दिसतो. पोटासाठी फेझंटच्या शेपटीचे तीन तंतू, वर अगदी बारीक तांब्याची तार उलट दिशेने, चार वेढे. तार दोन कामं करते, तंतू तुटू देत नाही आणि मागची बाजू खाली खेचते. पोट बारीक हवं, जेवढं बारीक वाटतं त्याहूनही बारीक. छातीला सशाच्या तोंडाचं डबिंग (थ्रेडवर वळून लावलेले केस), मुद्दाम खरबरीत, इथेच थोडी जाडी चालते कारण किडा इथेच फाटत असतो. पंखाला दोन सीडीसी पिसं एकमेकांवर ठेवून टोकं पुढे, आयलेटच्या, म्हणजे हूकच्या भोकाच्या, वर झुकलेली, हूकच्या गॅपच्या (दांडी आणि टोक यांतल्या अंतराच्या) दीडपट उंच, आणि उरलेली बुडं छातीवर मागे वळवून अर्धा मिलिमीटर सोडून कापायची, ते खुंट चुरगळलेल्या पंखांसारखे दिसतात. डोकं छोटं, व्हिप फिनिशची शेवटची गाठ, वार्निश नको, ते सीडीसीत झिरपतं.

बांधून झाली की ग्लासात पाणी घेऊन त्यात टाकायची आणि बाजूने बघायची. पोट खाली कललेलं, छाती पापुद्र्यात, पंख कोरडे, असं दिसलं तर बॉक्समध्ये. आडवी तरंगली तर पंख कमी करायचे किंवा तारेचा एक वेढा वाढवायचा. बुडाली तर तिसरं पीस घालायचं. मित्राने सुरुवातीला बांधलेल्या बहुतेक आडव्या तरंगत होत्या, कारण पोट जाड झालं होतं आणि त्याने शेपटीकडे खूप तंतू लावले होते. ते कमी केल्यावर नीट बसायला लागल्या. पंख दिसत नाही म्हणून अडत असेल तर सीडीसीच्या मधे नारिंगी पॉली धाग्याचे दोनतीन तंतू घालायचे, मासे त्याने बिचकतात असं मला तरी कधी वाटलेलं नाही.

एक मासा मात्र शेवटपर्यंत लागला नाही, काठाच्या झुकलेल्या फांदीखालचा. त्याने कापलेली फ्लाय सोडली, सीडीसी सोडली, दोन्ही स्वच्छ ड्रिफ्ट होते. नंतर त्याच्या खालच्या अंगाला जाळी धरली तर त्यात बेटिस जवळजवळ नव्हत्याच, मिजचे (चिलटासारखी बारीक माशी) काळे बारीक प्युपा, म्हणजे कोषातली अवस्था, होते, पापुद्र्याला डोकं लावून उभे लटकलेले, २४ नंबरच्या आसपास. म्हणजे इमर्जर बरोबर, पण किडाच वेगळा. त्याच्यासाठी आता बांधतोय ती याहून सोपी आहे, २४ नंबरचा सरळ हूक, काळ्या थ्रेडचं अंग, बारीक चंदेरी तारेचे तीन वेढे, छातीला काळ्या डबिंगची चिमूट, आणि आयलेटवर सीडीसीचा एकच छोटा तुरा, म्हणजे ती डोकं वर करून उभी लटकेल.